पाच गळ्यांची पेटी

पाळण्याची कडी एकदाच कुरकुरली आणि मी होते तिथंच थिजले. हातात वरणाचा डाव, एक पाय स्वयंपाकघरात, एक बाहेरच्या खोलीत. दुपारचे अडीच वाजले होते. जुईला झोपवायला पाऊण तास गेला होता, आणि तिची झोप इतकी पातळ की शेजारी मोहरी तडतडली तरी ती उठून बसायची. कडी पुन्हा वाजली नाही. मी श्वास सोडला, आणि तेवढ्यात कमरेला खोचलेला फोन थरथरला.

जयसिंगपूरच्या मगदूम काकूंचा फोन होता. मी तोंडापुढं हात धरून कुजबुजत "बोला" म्हणाले. नात झाली होती, रविवारी सकाळी अकराला बारसं होतं, आणि दोन वर्षांपूर्वी त्यांच्या भाचीच्या बारशाला आम्ही गायलो होतो ते त्यांना फार आवडलं होतं. गिटारवर पाळणा हा प्रकार त्यांनी तेव्हा पहिल्यांदाच ऐकला होता. तर याल ना?

"हो."

सगळ्याजणी या हं. आमच्याकडं पाचजणींनी पाळणा म्हटल्याशिवाय बाळाचं नाव ठेवत नाहीत. आमच्या आक्कांचा तसा दंडकच आहे. तुम्ही पाचजणी आहात ना अजून?

आता खरं असं होतं की आम्ही पाचजणी राहिलो नव्हतो. मेधा नवऱ्याच्या बदलीबरोबर नांदेडला गेली होती. शर्वरी बँकेच्या परीक्षेला बसली आणि दुर्दैवानं पास झाली. रेश्माला जुळी झाली. तृप्तीचं नि माझं एका पिवळ्या साडीवरून बिनसलं होतं. राहिले मी एकटी, आणि माळ्यावरची गिटार. पण हे सगळं सांगायला आवाज लागतो. खुलासा कधी कुजबुजत करता येत नाही. पलीकडून "काय? काय म्हणालात?" असं येतं, मग आपला आवाज चढतो, मग पाळण्याची कडी वाजते. कुजबुजत माणूस फार तर एकच शब्द बोलू शकतो.

"हो," मी म्हणाले.

आणि सवाष्णी सगळ्या?

"हो."

फोन ठेवला तेव्हा जुई गाढ झोपली होती आणि मी चार बायकांच्या वतीनं शब्द देऊन बसले होते.

नाही म्हणून परत फोन करता आला असता. चार दिवस होते मध्ये. केला नाही, त्याचं कारण गिटार. जुई झाल्यापासून मी कुणासमोर गायले नव्हते. जुईसमोरसुद्धा नाही, तिला मी नुसतं थोपटायची. आवाज गेला होता असं नाही, पण तो कुठं ठेवलाय ते आठवत नसल्यासारखं झालं होतं. कऱ्हाडच्या पुतण्याला गिटार शिकायची होती, आणि पडून राहण्यापेक्षा कामाला येईल म्हणून मी ती त्याला देऊन टाकायचं कबूल केलं होतं. सोमवारी तो न्यायला येणार होता. तेव्हा मी मनाशी ठरवलं, रविवार निभला तर गिटार राहील; नाही निभला तर सोमवारी जाईल आणि मी पुन्हा त्या वाटेला जाणार नाही. मागं फिरता येऊ नये म्हणून हे मी सासूबाईंनाही सांगून टाकलं.

सासूबाईंना आम्ही आईच म्हणतो. आईंनी तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत काढलेली, त्यामुळं समोरच्याचं बोलणं संपायच्या आत त्यांचा निकाल तयार असतो. सासरे गेल्याला तेव्हा सहा वर्षं झाली होती. तेव्हापासून बारशा-डोहाळजेवणाला त्या जायच्या, पण दारात चपलांजवळ जी एक खुर्ची असते तिच्यावर बसायच्या आणि प्रसाद घेऊन उठायच्या. कुणी बसवत नव्हतं, त्यांच्या त्याच बसायच्या.

"चार बायका आणणार कुठनं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं की एक यंत्र असतं. गिटारची वायर त्यात, माइकची वायर त्यात. गिटारचे सूर ऐकून ते ठरवतं की तुमच्या आवाजाला जोडीला कोणता आवाज द्यायचा, आणि तुमच्याच गळ्याचे आणखी गळे काढतं. एकट्यानं गाणारे ठेवतात. मोबाइलवर मी एका माणसाला पाहिलं होतं, एकटाच बसला होता आणि चौघं गात होते.

"पुरुषाला जमतंय म्हणजे सोपंच असणार," आई म्हणाल्या आणि जुईची टोपी शोधायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी सांगलीहून आम्ही तिघी मिरजेला गेलो, याकूबचाचांच्या दुकानात. चाचांचे आजोबा तंबोरे करायचे, वडील करायचे, चाचा करतात. गाळाभर भोपळे, लाकडाचा भुसा आणि भिंतीवर टांगलेले तंबोरे. एका कोपऱ्यात मात्र काचेचं कपाट होतं. ते त्यांच्या सुनेनं, शाहीननं, हट्टानं मांडलेलं. त्यात माइक, स्पीकर, वायरी आणि पायानं दाबायच्या रंगीत पेट्या. शाहीन त्यांची माहितीपुस्तकं उताणी-पालथी वाचून पाठ करायची. चाचा त्या कपाटाकडं पाठ करून बसायचे.

शाहीननं दोन पेट्या काढल्या. निळी लहान होती. ती आवाजाला देवळाच्या गाभाऱ्यासारखा घुमारा द्यायची आणि हवा तर एक आवाज पाठीमागून चालवायची, बस. लाल पेटी दुप्पट मोठी, तिच्यावर चार दिवे. एकेक दिवा म्हणजे एकेक आवाज. शिवाय एक बटण दाबलं की गायलेलं तसंच फिरत राहायचं. मी लालकडं बोट केलं. चार आणि मी एक, हिशोब तोंडपाठ होता.

"थांब बेटी," चाचा म्हणाले. "वाद्य असं घेतात काय? ही काय भाजी आहे?"

त्यांनी हात पुसले आणि लाल पेटी मांडीवर घेतली. दोन्ही तळव्यांत तोलली. नखानं टकटक केलं, कान लावला, उलटी करून पुन्हा टकटक केलं. भोपळा निवडतात तसं. मग वास घेतला. शाहीन म्हणाली, अब्बा, ती आतून पोकळ नसते. चाचा म्हणाले, तेच तर बघतोय. मग निळी घेतली, तिलाही ठोकलं, आणि दोन्ही भुशात शेजारी शेजारी ठेवून ती बोलायची वाट बघत असल्यासारखे पाहत राहिले.

त्यांच्या घराण्यात वाद्य पसंत करायची एक रीत होती आणि ती पेटीलाही लागू आहे असं त्यांनी जाहीर केलं. वाद्याला तीन कान लागतात. एक वाजवणाऱ्याचा, एक समोरच्याचा, एक भिंतीपलीकडच्याचा. वाजवणारा स्वतःला फसवतो. समोरचा भिडेपोटी मान हलवतो. भिंतीपलीकडच्याला कुणाचंच काही पडलेलं नसतं, म्हणून तो खरं बोलतो.

"मग मी जाते पलीकडं," आई म्हणाल्या. ही नेमणूक त्यांना मनापासून आवडली होती.

पलीकडं पिको-फॉलचं दुकान होतं. आई तिथं जाऊन स्टुलावर बसल्या. ठरलं असं की पेटी चांगली वाटली तर भिंतीवर एकदा ठोकायचं, नाही तर दोनदा. समोरचा कान शाहीनचा, आणि तिच्या मांडीवर जुई. मी गिटार जुळवली. नऊ महिन्यांत तारांना गंज चढला होता, बोटांची कातडी बाळाच्या तेलानं मऊ पडली होती. आधी निळी जोडली. मी आमच्या ग्रुपचा जुना पाळणा धरला, मीच लिहिलेला:

नीज ग सोनुले, ऊन उंबऱ्याशी आले,
दारच्या जाईने तुझे नाव विचारले.

पहिल्या ओळीला आवाज आला तो कुणाचा तरी भलत्याच बाईचा. दुसऱ्या ओळीच्या शेवटी वर जायचं असतं, तिथं तो चिरकला. निळ्या पेटीनं तो चिरकलेला सूरही गाभाऱ्यात घुमवून इमानानं मला परत दिला. भिंतीवर काहीच ठोकलं गेलं नाही. मागून कळलं, आई गाणं सुरू व्हायची वाट बघत होत्या.

चाचांनी डोळे मिटले होते. "दम कुठं घेतेस बेटी?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, जागा मिळेल तिथं.

ते "हं" म्हणाले आणि लाल पेटीकडं हात केला.

लाल जोडली, चारही दिवे लावले, गायले. आणि खरंच पाचजणी गायल्या. दोन वरून, दोन खालून, मध्ये मी. माझा चिरकलेला सूर त्या गर्दीत कुठल्या कुठं गेला. मला इतका आनंद झाला की मी मेधाकडं बघायला मान वळवली. ती माझ्या डाव्या हाताला उभी राहायची. तिथं भोपळे होते. भिंतीवर एकदा ठोकलं गेलं. लगेच दुसऱ्यांदा. मग तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, आणि मग पिकोच्या मशीनसारखं सलग. चाचा गोंधळले, कारण एकापुढं दोन एवढंच ठरलं होतं.

या ठोकाठोकीनं जुई दचकली. शाहीन तिला उचलून नेमकी माझ्याजवळ आली, आणि जुईनं माइकच्या तोंडाशी भोकाड पसरलं.

पाच जुया रडल्या. दोन वरच्या पट्टीत, दोन खालच्या, आणि अगदी सुरात. इतक्या सुरात की भिंतीवरचे अकरा तंबोरे आपोआप झणकारायला लागले. मी पेटीवर पाय मारला, तो चुकून दुसऱ्याच बटणावर पडला, आणि झालेलं रडणं पहिल्यापासून फिरायला लागलं. आई पिकोवाल्या बाईला घेऊन धावत आल्या. पदर खोचून दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "किती पोरं आहेत इथं?"

जुई मात्र गप्प झाली होती. ती रडत नव्हती आणि तिचं रडणं चालूच होतं, याचा तिला अचंबा वाटला असावा. शाहीननं तिला खाली सोडलं तशी ती रांगत स्पीकरपाशी गेली, वाकून त्याच्या मागं पाहिलं. बाकीच्या चौघी तिथं नव्हत्या. तिनं माझ्याकडं पाहिलं, पुन्हा स्पीकरमागं पाहिलं, आणि मग मोठ्यानं हसली.

आईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, गाणं छान होतं म्हणून पहिल्यांदा ठोकलं; उरलेलं पिकोवाली बाई विचारत होती की लग्न कुणाचं आहे, तिला सांगताना हात भिंतीवर पडत होता.

याकूबचाचांचा निकाल निराळा होता. त्यांच्या मते निळी घ्यावी. "ही तुझ्या मागनं चालते," ते म्हणाले. "ती लाल तुला मागं टाकून जाते." मी म्हणाले, चाचा, मला पाच लागतात, रविवारी आहे. त्यांनी वाद घातला नाही. तंबोरासुद्धा ते पहिल्याच दिवशी विकत नाहीत, आधी पसंतीवर देतात. वाद्य चार दिवस घरात राहू दे, मग बघू. लाल पेटी त्यांनी जुन्या साडीत गुंडाळून, तंबोऱ्यासारखी आडवी धरून माझ्या हातात दिली. सोमवारी ये म्हणाले.

रविवारी साडेदहाला आम्ही जयसिंगपुरात पोचलो. गच्चीवर मांडव, भाड्याचे माइक-स्पीकर, खाली आचारी, पाळण्याला झेंडू. मगदूम काकू जिन्यातच भेटल्या. माझ्यामागं आई होत्या, आईंच्या कडेवर जुई. काकू आमच्या खांद्यांवरून खाली बघत राहिल्या.

"बाकीच्या?"

मी पिशवी उघडून दाखवली.

काकूंनी आत बराच वेळ पाहिलं. मी सगळं सांगितलं. झोपलेलं बाळ, कुजबुज, नांदेड, जुळी, पिवळी साडी. मला वाटलं आता बाई मला जिन्यावरूनच परत पाठवणार. पण घरी चाळीस माणसं जमली होती, आणि मगदूम काकू अडचणीत डोकं चालणाऱ्या बायकांपैकी. त्या म्हणाल्या, आक्कांना दिसत नाही.

आक्का म्हणजे त्यांच्या सासूबाई. नव्वदी ओलांडलेली. डोळे गेले होते, कान मात्र असे की खालच्या मजल्यावर कुणी साखरेचा डबा उघडला तरी विचारायच्या, चहा कुणासाठी. त्या पाळण्याच्या दांडीवर हात ठेवून बसल्या होत्या. काकूंनी पाहुण्यांना एकेक करून कानात सांगितलं. चाळीस माणसं गप्प झाली, आणि मी गच्चीच्या मधोमध एका लाल पेटीबरोबर पाचजणी म्हणून उभी राहिले.

आक्कांनी गाण्याआधी ओट्या भरायला सांगितलं. आता भरणार कुणाच्या? काकूंची थोरली सून तांदळाचं तबक घेऊन आली, माझी ओटी भरली, आणि अडली. आक्का कान देऊन होत्या. पाचदा तांदूळ पडल्याचा आवाज यायला हवा होता. शेवटी ती खाली वाकली आणि पेटीपुढं चार खण, चार नारळ ठेवून चार वेळा तांदूळ सोडले. सवयीचा हात, चार दिव्यांना चार बोटं कुंकूही लावून गेली. एक पाहुणी पदर तोंडात धरून जिन्याकडं पळाली.

"नावं सांगा गं पोरींनो," आक्का म्हणाल्या.

हे कुणी धरलं नव्हतं. मी माझं नाव सांगितलं, केतकी. मग सगळे माझ्याकडं बघायला लागले. दाराशी, चपलांजवळच्या खुर्चीवरून, एक घोगरा आवाज आला: "मी मेधा." मग थोडा बारीक: "शर्वरी." मग नाकातून: "रेश्मा." आईंनी पोस्टाच्या खिडकीत तीस वर्षं सगळ्या गावाचे आवाज ऐकले होते, ते आता कामाला आले. चौथं नाव त्यांना आठवेना. मी पेटीकडं बघत म्हणाले, "आणि तृप्ती." भांडणानंतर ते नाव मी पहिल्यांदाच तोंडानं उच्चारत होते.

मी गिटार छेडली. आईंनी खुर्चीशेजारच्या घुगऱ्यांच्या पातेल्यावरून मोबाइल धरून चित्रण सुरू केलं. दिवे लागले, कुंकवातून लालच दिसत होते, आणि आम्ही गायलो. पहिलं कडवं, दुसरं कडवं. गच्ची भरून गेली. ज्यांना ठाऊक होतं त्यांनीही डोळे मिटले. काकूंच्या चेहऱ्यावर सुटल्याचं हसू आलं. मला आतल्या आत दिसत होतं की गिटार राहिली, सोमवार टळला. आक्का पाळण्याच्या दांडीवर एकेक बोट दुमडत होत्या. पाचही बोटं दुमडली.

तिसऱ्या कडव्याच्या मध्यावर त्यांनी मूठ उघडली आणि हात वर केला. मी थांबले. पाचहीजणी थांबल्या.

"सूनबाई," आक्का शांतपणे म्हणाल्या, "या पाच न्हाईत."

काकू म्हणाल्या, आहेत की आक्का, आत्ताच नावं सांगितली.

"नावं सांगितली. पर पाचीजणी एकाच जाग्याला दम घेत्यात. असं कधी असतंय व्हय? पाच बायका म्हटल्यावर एक दमली की दुसरी धरून ठेवती. म्हणून तर पाच लागत्यात." त्यांनी मान माझ्या दिशेला वळवली, नेमकी माझ्याच. "ही एकच बाई हाय. आणि लई दमलीया."

मला रडू आलं नाही. फक्त गिटारचा पट्टा खांद्याला एकदम जड लागला. मी पाय पुढं करून पेटी बंद केली. चार दिवे गेले.

"तुझं किती म्हैन्याचं?" आक्कांनी विचारलं.

"नऊ."

"मग बरोबर हाय." आणि मग, कुणी दार ढकललं की म्हणतात तसं सहज, "या गं बायांनो, कोन कोन हाय ते. नाव ठेवायचंय."

मगदूम काकू उठल्या. खालून आचाऱ्यांच्या सुमनबाई पिठाचे हात घेऊन वर आल्या होत्या, त्यांना पुढं ढकललं. मी धरून तीन झाल्या. आक्कांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला, चार. मग त्या दाराकडं बोलल्या: "ती मगाची मेधा-शर्वरी कुटं गेली?"

आई खुर्चीवरच होत्या. त्यांनी हळू सांगितलं की त्यांना यात धरू नये, त्या आता सवाष्ण नाहीत.

"आणि मी हाय काय?" आक्का म्हणाल्या. "मी पाच गळे म्हनले हुते. सवाष्णी तुमचं तुमी घातलंसा."

एवढी वर्षं हे कुणी आक्कांना विचारलंच नव्हतं.

आई उठल्या. मोबाइल ठेवायला जागा शोधली, तो त्या पातेल्याला टेकवून ठेवला, जुईला कडेवर घेतलं आणि चपलांजवळून चालत पाळण्यापर्यंत आल्या. सहा वर्षांत मी त्यांना तेवढं चालताना पाहिलं नव्हतं.

ते गाणं फार वाईट झालं. सुमनबाई प्रत्येक ओळीत पुढं पळायच्या, आक्का प्रत्येक ओळीत मागं राहायच्या, काकूंना शब्द येत नव्हते म्हणून त्या नुसता शेवटचा शब्द मोठ्यानं म्हणायच्या. आईंचा सूर पोस्टातला, एकाच उंचीचा. जाईच्या ओळीशी आले, जिथं वर जायचं असतं, आणि माझा दम संपला. मी थांबले. ओळ संपलेली नव्हती आणि मी थांबले. गाणं चालूच राहिलं. त्या चौघी वाकडंतिकडं धरून उभ्या होत्या. मी नीट, पोट भरून श्वास घेतला, आणि सावकाश परत आत गेले. वरचा सूर लागला. जुई आईंच्या कडेवरून माझ्या तोंडाकडं बघत होती.

मग आत्यानं वाकून बाळाच्या कानात नाव सांगितलं, सगळ्यांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, आणि सुमनबाई "भात करपला" म्हणत खाली पळाल्या.

सोमवारी कऱ्हाडचा पुतण्या आला. आईंनी त्याला दारातच गणितात किती पडले विचारलं, घुगऱ्या दिल्या आणि वाटेला लावलं. दुपारी मी मिरजेला गेले. शाहीन कान कोरायच्या कापसाच्या काडीनं पेटीच्या फटींतलं कुंकू काढत बसली. चाचा म्हणाले, लग्न लावलंस काय तिचं? मी म्हणाले, नाही, ओटी भरली. निळी घेऊन घरी आले. जुई उठली होती. तिला मांडीवर घेऊन पेटी न लावताच गायले, जिथं दम लागला तिथं थांबले. थांबले की ती वाट बघायची.

या गोष्टीला साडेपाच वर्षं झाली. निळी पेटी अजून आहे, तिचा एक कोपरा उडालाय. महिन्याकाठी तीन-चार कार्यक्रम असतात, मी एकटी आणि गिटार. तृप्तीशी बोलणं सुरू आहे. पिवळी साडी तिच्याकडंच राहिली.

परवा जुईनं आजीचा जुना मोबाइल हुडकून काढला आणि त्यात ते चित्रण सापडलं. आईंनी तो पातेल्याकडं तोंड करून धरला होता, त्यामुळं तीन मिनिटं नुसत्या घुगऱ्या दिसतात, वाफाळलेल्या. पण आवाज स्वच्छ आहे. पहिलं कडवं, दुसरं कडवं, पाच गळे, भरलेली गच्ची. तिसऱ्याच्या मध्यावर ते तुटतं.

मी पोळ्या लाटत होते. ती ओट्याशी येऊन उभी राहिली आणि तिनं विचारलं, कोण गातंय.

"मी."

"आणि ही खालच्या आवाजातली?"

"तीपण मीच."

"आणि या?"

"त्यापण. सगळ्या मीच."

तिनं पुन्हा पहिल्यापासून लावलं. मोबाइल कानाला चिकटवला, डोळे बारीक केले, आणि एकेक बोट दुमडत पाचपर्यंत आली. मग मान वर करून माझ्याकडं पाहिलं. पोळी तव्यावर फुगली होती आणि मी ती उलटायची विसरले होते.

"आई," ती म्हणाली, "मग यातली माझी कुठली?"